रक्ताची उलटी: आधी श्वासाची वाट, मग दुर्बीण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात नुकतेच एका वाचकाचे पत्र आले होते. त्यांच्या नातेवाइकाला रक्ताच्या उलट्या होत असताना रुग्णालयाने दुर्बीण (तोंडावाटे पोटात बघायची एंडोस्कोपी) घालायला काही तास लावले, त्याआधी घशातून श्वासनलिकेत नळी टाकून व्हेंटिलेटरला जोडले, आणि हे सगळे बिल फुगवण्यासाठी केले, अशी त्यांची तक्रार आहे. त्या रुग्णाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे तिथे काय झाले यावर मी बोलणार नाही. पण त्या पत्रामागची समजूत मला दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या दारात भेटते. मी कुडाळ-कणकवली भागात भूलतज्ज्ञ म्हणून काम करते. रक्त ओकणाऱ्या माणसाला दुर्बिणीच्या खोलीत न्यायच्या आधी मला बोलावणे येते आणि नळी टाकायची की नाही हे ठरवायचे काम माझ्याकडे असते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

रक्ताच्या उलटीने माणूस दगावतो तो दर वेळी अंगातले रक्त संपल्यामुळेच, असे नाही. पुष्कळदा रक्त थांबलेले असते, बाटल्या चढलेल्या असतात, आणि तरीही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस जातो, कारण ओकलेल्या रक्तातला काही भाग फुप्फुसात उतरलेला असतो. घशात अन्ननलिकेचे आणि श्वासनलिकेचे तोंड एकमेकांना लागून आहे. तुम्ही-आम्ही शुद्धीवर असताना चुकून घास तिकडे गेला तर ठसका लागतो आणि तो बाहेर फेकला जातो. हा ठसका हीच आपली राखण. रक्त ओकणाऱ्या रुग्णाची ही राखण तीन बाजूंनी मोडते. रक्त गेल्याने बीपी ढासळतो आणि मेंदू मंदावतो. ज्याचे लिव्हर खराब आहे त्याच्या आतड्यात साचलेल्या रक्तातून अमोनिया तयार होतो, तो लिव्हरला निस्तरता येत नाही आणि माणसाला गुंगी येऊ लागते. तिसरी बाजू आम्ही डॉक्टरांनी उघडलेली असते. दुर्बिणीसाठी घसा बधिर करणारा स्प्रे मारला की ठसका दुबळा होतो, वर थोडे झोपेचे औषध दिले की आणखी दुबळा. दुर्बिणीतून पोटात हवा सोडावी लागते, तिने पोट फुगते आणि आत साचलेले वर येते. अशा पोटात अर्धा-एक लिटर रक्त आणि गुठळ्या असणे काही नवलाचे नाही.

पोटातले आम्ल फुप्फुसात गेले की काय होते, हे १९४६ साली मेंडेल्सन या अमेरिकन प्रसूतितज्ज्ञाने भुलीखाली बाळंत झालेल्या स्त्रियांच्या नोंदींवरून लिहून ठेवले. ऑपरेशनच्या आधी उपाशी राहायला सांगतात त्यामागे हेच आहे. रक्त ओकणाऱ्या माणसाचे पोट मात्र उपाशी ठेवूनही रिकामे राहत नाही, ते त्याच्याच रक्ताने भरत असते.

श्वासनलिकेत नळी बसवली की रक्ताची फुप्फुसाकडची वाट बऱ्यापैकी अडते. मग सगळ्यांनाच नळी टाकावी का? नाही. पूर्वी काही ठिकाणी सरसकट टाकण्याचा विचार होता. नंतर अनेक रुग्णालयांच्या जुन्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा नळी टाकलेल्यांमध्ये मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. उलट न्यूमोनिया जास्त दिसला आणि रुग्णालयातला मुक्कामही वाढलेला दिसला. याचा अर्थ लावताना सावध राहावे लागते, कारण नळी टाकली जाते ती मुळातच जास्त गंभीर असलेल्यांना. तरीही सरसकट टाकण्यात फायदा नाही एवढे त्यातून ठरले. युरोपातील एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात हेच म्हटले आहे: नेहमीची म्हणून नळी टाकू नका, पण ज्याला भरभरून रक्ताच्या उलट्या चालूच आहेत, जो सैरभैर झाला आहे, किंवा गुंगीमुळे ज्याला आपला श्वास राखता येत नाही, त्याला दुर्बिणीआधी नळी टाका. लिव्हरच्या आजारातील रक्तस्रावाबद्दल २०२२ साली प्रसिद्ध झालेली, बाव्हेनो या इटलीतल्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी तज्ज्ञांची सहमतीही शुद्ध हरपलेल्या आणि रक्त ओकत असलेल्या रुग्णांना आधी नळी टाका असे सांगते, आणि दुर्बीण झाली की शक्य तितक्या लवकर ती काढा असेही सांगते. हा दुसरा भाग लोकांपर्यंत पोहोचतच नाही.

कागदावर हे सोपे दिसते. खाटेपाशी उभे राहिल्यावर ते माणूस बघून ठरवावे लागते. मी आधी विचारते, "तुमचो गाव खंयचो?" समोरचा खणखणीत आवाजात "वेंगुर्ल्याचो मी" म्हणाला, जीभ बाहेर काढून दाखवली, स्वतः मान वळवून घमेल्यात थुंकला, तर मी बहुतेक वेळा नळीच्या वाटेला जात नाही. त्याला डाव्या कुशीवर ठेवून, सक्शन (तोंडातले रक्त ओढून घेणारे यंत्र) हाताशी ठेवून, झोपेचे औषध न देता किंवा नाममात्र देऊन दुर्बीण होऊ शकते. पण आषाढातल्या पावसात जो माणूस बायकोला "चतुर्थी झाली ना गे?" असे विचारतो, हात पुढे करून मनगट वर उचलायला सांगितले की ज्याचा पंजा फडफडतो, ज्याच्या ओठाच्या कडेने रक्त ओघळते आहे आणि त्याला त्याचा पत्ता नाही, त्याच्या घशात मी दुर्बीण जाऊ देत नाही. आधी नळी.

सर्वांत फसवा तो सैरभैर झालेला रुग्ण. सलाईन उपटतो, खाटेवरून उतरू बघतो, नर्सला ढकलतो. अशा वेळी चार माणसे त्याचे हात धरून म्हणतात, झोपेचे इंजेक्शन द्या म्हणजे पडून राहील. मालवणकडच्या एका खाडीकाठच्या गावातून आलेला मासेमार मला आठवतो. रात्रीची वेळ, बाहेर धो धो पाऊस, आणि वॉर्डातले सगळे माझ्याकडे बघत होते की एक इंजेक्शन टोचून मोकळी हो. पण त्याची ती तडफड दारूची नव्हती, स्वभावाचीही नव्हती. त्याच्या मेंदूला प्राणवायू आणि रक्त पुरत नव्हते. तेव्हा झोपेचे इंजेक्शन दिले असते तर तो शांत झाला असता आणि त्याच शांततेत रक्त फुप्फुसात गेले असते. मी त्याच्या बायकोला बाजूला घेऊन नळीबद्दल सांगितले. ती म्हणाली, "डॉक्टरांनू, आम्ही दुर्बिणीसाठी हाडलंव, ही नळी कशाक घालतास?" हा प्रश्न मला अजिबात उद्धट वाटला नाही. अगदी रास्त प्रश्न होता, आणि त्याला उत्तर द्यायला दोन मिनिटे लागली. त्या दोन मिनिटांत दुसऱ्या हाताला रक्त चालू झाले. नळी टाकली, लिव्हरच्या आजारात अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात त्यांना रबरी बँड लावले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नळी काढली. तिसऱ्या दिवशी तो पेज मागत होता.

नळी टाकणे हे धोक्याचे काम आहे, हेही मला तितक्याच स्पष्टपणे सांगायचे आहे. रक्त गेलेला माणूस शरीरातली सगळी ताकद लावून बीपी टिकवून असतो. भुलीचे औषध नेहमीच्या मात्रेत दिले की ती ताकद गळते आणि हृदय तिथल्या तिथे थांबू शकते. व्हेंटिलेटरने छातीत हवा ढकलली की हृदयाकडे परतणारे रक्त आणखी घटते. म्हणून आधी जाड सुया, सलाईन, रक्त, गरज पडली तर बीपी वाढवणारे औषध चालू, आणि मगच भूल, तीही केटामिनसारखे औषध मात्रा कमी करून. डोक्याकडची बाजू उंच, आधी काही मिनिटे पुरेसा ऑक्सिजन, सक्शन एक नव्हे तर दोन, आणि त्या वेळी हजर असलेल्यांत ज्याचा हात सर्वांत सरावलेला त्याने नळी टाकायची. आता घशात बघायला कॅमेऱ्याची उपकरणे आली आहेत. ती चांगली आहेत, पण रक्ताचा फवारा आला की वायपर बंद पडलेल्या गाडीने जुलैत आंबोली घाट चढावा तशी गत होते, समोर काही दिसत नाही. तेव्हा सक्शनची जाड नळी पुढे घालून, वाट मोकळी करत करत आत जावे लागते.

सक्शनबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. आपल्या भागातल्या एका रुग्णालयात सक्शन मशीन होते, पण ते ऑपरेशन थिएटरमध्ये कुलपात आणि किल्ली घरी गेलेल्या माणसाकडे. दुसऱ्या एका ठिकाणी मशीन हजर, पण बाटलीचे झाकण तडकलेले, त्यामुळे ओढच नाही. महागडा मॉनिटर मात्र दोन्हीकडे भिंतीवर चकाकत होता. रक्त ओकणाऱ्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत चालू स्थितीतले सक्शन लागते. ते नसेल तर बाकी सगळे असून उपयोग नाही.

आता उशिराच्या तक्रारीबद्दल. दुर्बीण जितकी लवकर तितकी चांगली असे सगळ्यांनाच वाटते, आम्हालाही वाटत असे. हाँगकाँगमध्ये ५१६ गंभीर रुग्णांवर याची नीट चाचणी झाली आणि २०२० मध्ये ती प्रसिद्ध झाली. पोटविकारतज्ज्ञाला कळवल्यापासून ६ तासांच्या आत दुर्बीण केलेल्यांत महिनाभरात ८.९ टक्के मृत्यू झाले. ६ ते २४ तासांत केलेल्यांत ६.६ टक्के. म्हणजे घाईने जीव जास्त वाचले नाहीत. ज्यांचा बीपी सलाईन-रक्त देऊनही सावरत नव्हता असे रुग्ण त्या चाचणीत नव्हते. त्यांच्या बाबतीत वाट पाहण्याची मुभा नाही. पण बाकीच्यांसाठी २४ तासांच्या आत, आणि फुगलेल्या शिरा फुटल्याचा संशय असेल तर १२ तासांच्या आत, हे आज मान्य झालेले गणित आहे. मधले तास वाया जात नाहीत. त्यात बीपी सावरतो, लिव्हरच्या रुग्णाला शिरांतला दाब उतरवणारे टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड आणि जंतुसंसर्ग टाळणारे सेफ्ट्रिअॅक्सोन यांचे इंजेक्शन मिळते, पोट लवकर रिकामे व्हावे म्हणून शिरेतून एरिथ्रोमायसिन देता येते. आणि भूलतज्ज्ञ पोहोचतो. आपल्याकडे दुर्बीण करणारे तज्ज्ञही मोजकेच आहेत आणि आम्हीही.

जाता जाता दोन गोष्टी. नातेवाईक "अजून रक्त चढवा" असा धोशा लावतात. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर रक्त देणे आणि ७ ते ९ च्या दरम्यान राखणे, हे बहुतेकांना पुरते; बार्सिलोनातल्या २०१३ च्या चाचणीत जपून रक्त दिलेले रुग्ण जास्त वाचले. लिव्हरच्या रुग्णात जादा रक्ताने शिरांतला दाब वाढून पुन्हा रक्तस्राव होऊ शकतो. दुसरे, रक्त थांबवण्याचे म्हणून ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडचे इंजेक्शन तालुक्याच्या गावी सर्रास टोचले जाते. १२,००० हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पोटातल्या रक्तस्रावात त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, शिरांत गुठळ्या होण्याचे प्रमाण मात्र वाढले. ते देण्यात गेलेला वेळ सुई आणि सक्शनला द्यावा.

आपल्या जिल्ह्याचा खरा अवघड भाग आहे तो रस्ता. ओरोस आणि रत्नागिरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आली, तरी अजून पुष्कळ रुग्ण गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात किंवा घाट चढून कोल्हापूरला जातात. गाडीत बसवण्याची सगळ्यांना इतकी घाई असते की नळीचा निर्णय रस्त्यावर सोडला जातो. करूळ किंवा आंबा घाटाच्या वळणावर, हलत्या गाडीत, एका हाताने कठडा धरून रक्ताने भरलेल्या घशात नळी टाकणे कुणालाही धड जमणार नाही. ज्याला पुढच्या दोन तासांत गुंगी येईल असे दिसते आहे, त्याला नळी टाकूनच गाडीत चढवावे. ज्याला नळी नको त्याला डाव्या कुशीवर, आणि गाडीतले सक्शन निघण्याआधी चालवून बघून. पाठवणाऱ्या डॉक्टरने चिठ्ठीवर फक्त "रक्ताची उलटी, पुढील उपचारांसाठी" एवढेच न लिहिता निघताना रुग्ण शुद्धीवर होता का, नाव-गाव सांगत होता का, हे वेळेसकट लिहावे. समोरच्या डॉक्टरला त्या एका ओळीतून रुग्ण सुधारतो आहे की खालावतो आहे हे कळते.

घरच्यांनी काय करावे? आपल्याकडे उलटी दिसली की पहिला शब्द "पित्त". मग कोकमाचे आगळ, सोलकढी, मिठाचे पाणी, कुणी थंड दूध. उलटीत लाल रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट गाळ दिसला, किंवा डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच झाली तर तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते हे खरे, पण ते ठरवायचे काम डॉक्टरवर सोडा. माणूस पेंगत असेल तर त्याला पाठीवर उताणा निजवू नका, डाव्या कुशीवर वळवा, तोंड खालच्या बाजूला राहील असे. १०८ ला फोन करताना "उलटी" म्हणू नका, "रक्ताची उलटी" म्हणा आणि माणूस बोलतो आहे की नाही ते सांगा. त्याच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत घ्या. लावणीच्या दिवसांत कंबर धरली म्हणून मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, हृदयासाठीची रक्त पातळ करणारी गोळी, हे सगळे सांगा. अल्सर फुटण्यामागे त्या गोळ्या फार वेळा असतात. दारूबद्दल खरे सांगा. आम्ही ते माणसाला तोलायला विचारत नाही; फुटलेली जागा अल्सर आहे की फुगलेली शीर, यावर पहिल्या तासातली औषधे ठरतात. आणि लिव्हर केवळ दारूनेच खराब होते असेही नाही. कावीळ ब आणि क, मधुमेह-लठ्ठपणातून आलेले चरबीचे लिव्हर, हेही आता बरेच दिसतात. एका थेंबालाही न शिवलेल्या बाईला गावाने दारूडी ठरवलेले मी पाहिले आहे, ते मला आजही सहन होत नाही.

नळी टाकायची म्हटल्यावर बिलाची शंका आली तर ती मनात ठेवू नका, तिथेच विचारा. नळी का हवी? आता टाकली नाही तर काय होईल? कधी काढाल? टाकणारे कोण? कार्बन डायऑक्साइड दाखवणारा मॉनिटर आहे का? (नळी श्वासनलिकेतच गेली आहे याची सर्वांत भरवशाची खूण तीच.) या प्रश्नांना सरळ उत्तरे मिळायला हवीत. डॉक्टर वैतागला तरी विचारा. आणि "व्हेंटिलेटरवर टाकला म्हणजे संपला" असे शेजाऱ्यांनी सांगितले तर ऐकू नका. फुप्फुसे चांगली असताना, केवळ श्वासाची वाट राखण्यासाठी टाकलेली नळी पुष्कळदा दुर्बीण झाल्यावर काही तासांत किंवा दुसऱ्या दिवशी निघते. फुप्फुसात रक्त गेल्यावर नाइलाजाने टाकलेली नळी मात्र लवकर निघत नाही, आणि त्या आठवड्यांचे बिल कितीतरी मोठे असते.

जिल्हा प्रशासनाला आणि माझ्या खासगी सहकाऱ्यांनाही माझी विनंती आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या तातडीच्या खोलीत दर पाळीला सक्शन चालवून पाहावे आणि वहीत सही करावी. रक्ताच्या उलटीचा रुग्ण आला की दुर्बीणवाल्या डॉक्टरला आणि भूलतज्ज्ञाला एकाच वेळी फोन जावा. आज आम्हाला फोन येतो तो रुग्ण दुर्बिणीच्या टेबलावर निळा पडल्यावर. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी या दोन्ही जिल्ह्यांतल्या भूलतज्ज्ञांची रात्रपाळीची यादी १०८ च्या चालकांकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांकडे असावी. त्या यादीत माझे नाव घालायला मी तयार आहे. माझ्या ओळखीतल्या आणखी काहींनी होकार दिला आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांनी बैठक बोलावली तर आम्ही स्वखर्चाने येऊ, येताना सक्शनची नळी आणि सरावाचा पुतळाही घेऊन येऊ.

आपली,
एक भूलतज्ज्ञ,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग